कमल दिसेपर्यंत

पाय चालतायत तोवर लातूरला जाऊन यायचंच, असं ठरवलं आणि सकाळी सातला नांदेडहून एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, वर खिडकी मिळाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत चारेक तास धरून चला. अहमदपूरला गाडी थांबली की न्याहारीला सुशीला खा. चुरमुऱ्यांचीच, पण शेंगदाणे सढळ हातानं.

लोहा मागं पडलं तशी खिडकीतून मान वळवून बघत राहिले. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. शंभर स्टीलची ताटं, प्रत्येकावर कोरलेलं : 'कै. कमल हिच्या स्मरणार्थ, आईकडून.' देणाऱ्या बाई लातूरच्या डाळमिलवाल्या. स्वतःचं नाव कुठंच घातलं नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेली मी ताटं घासता घासता त्याच अक्षरांवर वाचायला शिकले. 'कै.' म्हणजे मानाचं काहीतरी समजून, अक्षरं सांगणाऱ्या वसतिगृहाच्या गुरुजींना पहिलंच पत्र लिहिलं, 'कै. गुरुजी यांस.' गुरुजी म्हणाले, "बाई, अजून हाय की मी!" सगळे हसले. मला मात्र तेव्हा कळलं, कमल न्हाई. मैत्रीण गेल्यागत रडले.

तिच्या आई आता नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्या दानानं काय केलं, हे त्यांच्या कानावर घालायचं राहू नये, एवढाच खटाटोप.

लातूरच्या स्टँडवरून रिक्षा केली. दारात सूनबाई. "वर्गणी का? पावतीपुस्तक दाखवा."

"मागायला न्हाई बाई, सांगायला आलेय."

आई पलंगावर बसल्या होत्या. सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "पोरी पोटभर जेवायच्या का ग?"

"मी उठूच देत नव्हते! नाव ताटाच्या मधोमध. म्हणायचे, कमल दिसेपर्यंत जेवायचं."

"अगं बाई! तिला दोन घास भरवायला मी गल्लीभर फिरायची," म्हणत त्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. हसता हसता डोळे भरले. सूनबाईंनी न विचारताच माझं पान वाढलं.

निघताना आईंनी हात सोडला नाही. "परत येशील? कमलचं अजून सांग."

"हाव, येते," म्हणाले.

घरी येऊन आठ दिवस झाले. त्या ताटांवर जेवलेल्या पोरी आज नर्स हायत, मास्तरणी हायत. मी हे लिहून राहिले. पण जीव तिथंच घुटमळतोय. कमल आज माझ्याच वयाची असती. तिचा आवाज कसा होता, रुसली की कुठं जाऊन बसायची, हे मलाच विचारायचं होतं. आणि तिची आई मला विचारत होती.