रेतीच्या ढिगावरचं गवत

"शेषरावभाऊ, खाली या! परांची मोडेल," मी ओरडलो.

अर्धवट घराच्या भिंतीशी बांधलेल्या परांचीवर शेषराव गवंडी थापीने माल लावत होता. घर त्याचंच. खाली बायको विमल कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दिवाळीपासून भिंतीले हात नाही लावला यायनं. आज सरकारी गाडी दिसली तं चढले माकडावानी!"

गाव राळेगाव तालुक्यातलं. कापसाने सगळ्यांना झोपवलं, ती वर्षं. मी सर्वेक्षणावर कंत्राटी सहायक होतो. तालुक्यात कुठे बांधकाम चालू आहे, कुठे बंद, एवढंच पाहायचं. देशाची तब्येत जोखणारे बांधकामावर नजर ठेवतात, कारण घर उभं राहायचं तर सिमेंट, सळई, विटा, ट्रक, मजूर सगळं हलतं. शिवाय बांधणाऱ्याला पुढच्या वर्षाचा भरवसा लागतो. कापसाचा भाव पडला की आमच्याकडे आधी घर थांबतं.

शेषरावचं घर थांबलं होतं. सळया गंजलेल्या. रेतीच्या ढिगावर गवत माजलेलं, आणि त्यात बकरी निवांत चरत होती.

"काम खरंच चालू आहे?" मी विचारलं.

तो खाली उतरला. "आता तुमाले कायले खोटं सांगू भाऊ? मले वाटलं, घरकुलाचा हप्ता द्याच्या आधी पाहाले आले. काम दिसलं नाही तं हप्ता अडकते."

"आम्ही घरकुलवाले नाही. तुमच्या गावाने रोजगार हमीतून तलाव खोल करायचं काम मागितलंय ना? इथे मजुरांना बांधकामावर काम मिळतं की नाही, तेच पाहायला आलोय. मिळतं म्हटलं, की तलावाचं काम नाही."

विमलचा चेष्टेचा सूर गेला. "म्हंजे आमीच आमच्या पायावर...? जा ना जी, सांगा त्या साहेबाले!"

आमचे साहेब जीपमध्येच बसले होते. काच वर. शेषरावने काचेवर बोट वाजवलं.

"साहेब, काम बंद आहे. मी उगाच चढलतो."

"मी डोळ्यांनी पाहिलं. गवंडी परांचीवर होता, माल ओला होता."

"साहेब, ढिगावर गवत आहे," मी म्हणालो. "एकदा उतरून बघा."

"गवताचा रकाना नाही आपल्याकडे. चालू लिही."

मी बंद लिहिलं. साहेबांनी ते खोडलं, चालू केलं आणि पुढच्या गावाला निघायला सांगितलं. पुढच्या गावातही कुणीतरी घाईघाईने भिंतीवर पाणी मारत होतं. घरकुलवाले आले, ही बातमी जीपच्या आधी पोचायची. भुकेल्या माणसाला सरकारपुढे कामात असल्याचं सोंग करावं लागतं आणि सरकार त्या सोंगालाच प्रगती म्हणतं. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. लेखीही दिलं. पुढचं कंत्राट मला मिळालं नाही.

अहवालात तालुक्याचं बांधकाम क्षेत्र उत्साहवर्धक ठरलं. तलावाचं काम नामंजूर झालं. कारण दिलं होतं: मजूर बांधकामावर गुंतलेले आहेत.

उन्हाळ्यात राळेगावच्या स्टँडवर शेषराव भेटला. सोबत विमल, दोन बोचकी, आणि पिशवीतून बाहेर आलेली थापीची मूठ.

"कुठे निघाले?"

"हैदराबादले. तिथं मोठ्या मोठ्या बिल्डिंगा उठून राह्यल्या म्हन्तात."

"आणि घर?"

"घर तं चालू आहे ना, तुमच्या कागदात!" तो हसला. विमल हसली नाही. तिने बोचकं उचललं आणि एसटीकडे चालू लागली. बकरी विकली, एवढंच जाताना म्हणाली.

तिकडच्या कुठल्यातरी पाहणीत शेषराव मोजला गेला असेल, आणि तिथे तरी तो खरोखर कामावर असेल. इकडच्या अहवालात त्याचं घर अजून चालू आहे. बांधकामाचे आकडे वाढले म्हणून कुणी देशाची तब्येत सुधारल्याचं सांगू लागलं, तर मी एकच विचारतो: मोजणारा गाडीतून उतरला होता का?