‘निघू का?’ याचं उत्तर

युक्रेनवर हल्ला झाला त्या आठवड्यात मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत घरोघरी पत्रक वाटलं. मथळा माझाच: ‘विद्यार्थी सुरक्षित? धादांत खोटं! सरकारवर विसंबू नका!’ मंत्री भाषणात सगळे सुरक्षित म्हणत होते, पण तिथल्या तळघरात अडकलेल्या आपल्या मुलांचे व्हिडिओ मी पाहिले होते, आणि संताप खरा होता.

दोन दिवसांनी समोरच्या काकू पत्रक घेऊनच आल्या. त्यांची मुलगी तिकडे मेडिकलला. दूतावासाने कळवलं होतं, ताबडतोब शहर सोडा, स्टेशन गाठा. मुलगी फोनवर विचारत होती, निघू का?

“मी नको म्हटलं,” काकू म्हणाल्या. “तूच लिहिलंयस ना, विसंबू नका म्हणून?”

“अहो काकू, ते मी मंत्र्यांच्या भाषणाबद्दल...”

“मग दूतावासाचं हे खरं धरायचं? खरं कुठलं नि खोटं कुठलं, त्याचीही यादी वाटायचीस की!”

एक चॅनेल म्हणत होतं स्टेशन सुरू आहे, दुसरं म्हणत होतं तिथे बॉम्ब पडला. दोन्हींवर दाखवत होते ती जळती इमारत मात्र एकच. मी मोबाइलवर शोधत गेले तशी आणखीच गोंधळले. शेवटी म्हणाले, “तिच्यासोबतची मुलं काय करतायत, विचारा.”

मुलं निघाली होती. मग तीही निघाली.

तीन दिवसांनी सीमेपलीकडून तिचा फोन आला; काकूंनी तो मलाही दिला. स्टेशनवर बॉम्ब पडला नव्हता, पण वाटेत पडत होते. “म्हणजे निघालीस ते बरोबर केलंस ना?” मी विचारलं.

“माहीत नाही गं,” ती म्हणाली. “मागे राहिलेल्यांचे फोन लागत नाहीयेत.”