चाखणारीचं तोंड

"तोंड उघडा."

"उघडलं ना."

"आणखी उघडा."

"एवढंच उघडते, डॉक्टरसाहेब."

सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या विभागात, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांवर दिव्याचा झोत घेऊन माझं आणि डॉक्टरांचं हे पहिलं बोलणं झालं. त्यांनी माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तीही दात खरवडत. तिसरं काही केल्या जाईना. मग एक कंपाससारखं हत्यार घेऊन त्यांनी वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं आणि मागे उभ्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "सबम्यूकस फायब्रोसिस."

मी काय ते विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. आपल्या गालाला आतून मऊ अस्तर असतं. त्या अस्तराच्या खाली तंतू तयार होतात आणि मऊ गाल हळूहळू चामड्यासारखा कडक होतो. मग तोंड उघडेनासं होतं. पुढे काहींना त्यातून कॅन्सरही होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

"बरं केव्हा होईल?" मी विचारलं.

"आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू," ते म्हणाले.

मी अडतीस वर्षांची होते. पंचाहत्तर-शहात्तरचं साल असेल. अक्कलदाढेचं दुखणं समजून मी तिथे गेले होते. दाढ काढून दुपारपर्यंत घरी परत येऊ, असा हिशेब होता. बाहेरच्या बाकावर येऊन बसले. ज्या आजाराचं नावही धड घेता येत नाही तो आपल्याला झाला, याचा मला त्या वेळी रागच जास्त आला.

खरं तर त्याआधी दोन वर्षं तोंड मला सांगत होतं. पहिल्यांदा तिखट लागेनासं झालं, म्हणजे सोसेनासं झालं. माझं माहेर नरखेडकडचं, सासर नागपूरच्या इतवारीतलं. दोन्हीकडे भाजीवर बोटभर तर्री नसेल तर जेवणाऱ्याचा अपमान होतो. त्या घरात मी एक दिवस पहिल्या घासालाच पाणी मागितलं. सगळे हसले. मग आतून बारीक फोड येऊ लागले. भावाने मळ्यातली संत्री आणली, तर फोडीचा रस गालाला लागताच मी तोंड धरून उठले.

सगळ्यांनी निदान केलं, उष्णता. आमच्याकडे डोकं दुखलं तरी उष्णता आणि नवरा चिडला तरी उष्णता. मी गुलकंद खाल्ला, सब्जा प्यायले, गालाला आतून तूप लावलं. दोन वर्षं त्यातच गेली.

डॉक्टर या रोगावर संशोधन करत होते. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण प्रश्न विचारताना घाई नाही. त्यांच्याकडे छापलेला फॉर्म होता. तंबाखू खाता? नाही. पान? नाही. सुपारी? नाही. मिरची? इथे मी हसले. म्हटलं, "नागपूरची आहो मी." त्यांनी "भरपूर" असं लिहिलं.

त्यांनीच सांगितलं की या रोगाचं कारण अजून कोणाला नक्की ठाऊक नाही. दोन गोष्टींवर संशय आहे, मिरचीवर आणि सुपारीवर. कोणी याला दोष देतात, कोणी त्याला. सुपारी कधीच न खाणारा रोगी त्यांना हवा होता आणि तो माझ्या रूपाने समोर बसला होता.

आता मी काय केलं ते सांगते. आमचा सुपारीचा ठोक व्यापार. खाली दुकान, वर घर. माल आला की प्रत्येक पोत्यातून चार-पाच सुपाऱ्या काढून वाटीत घालून वर येत. पाटावर बसून अडकित्त्याने फोडायची, खांड गालात धरायची, रस सुटेपर्यंत थांबायचं. कडू आहे का, ओल लागली आहे का, घशाला धरते का, हे पाहायचं आणि थुंकून टाकायचं. मग पुढचं पोतं. हे काम लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्याकडे होतं. कारण चाखणाऱ्याने पान, तंबाखू, सुपारी काही म्हणजे काही खायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बजावत, "तुह्या जिभेचा काय भरोसा गा? दिवसभर पान कोंबून राहिला तोंडात." घरात निर्मळ जीभ एक माझीच होती. मला कधी सुपारी लागली नाही, चक्कर आली नाही, याचं मामाजी गिऱ्हाइकांसमोर कौतुक करत.

तेव्हा डॉक्टरांनी "सुपारी खाता?" असं विचारल्यावर मी ताठ मानेने "नाही" म्हटलं. खोटं बोलते आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. सुपारी खाणारी असते तर मला त्या पाटावर कोणी बसू दिलं असतं?

मिरची सोडली. जिभेवरून अख्खं सासर आणि माहेर पुसून टाकल्यासारखं वाटलं, पण सोडली. गालातला कणभर तुकडा काढून भिंगाखाली पाहिला, त्याला बायोप्सी म्हणतात. "सध्या कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. त्या "सध्या"ने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. मग दर आठवड्याला दोन्ही गालांत हायड्रोकॉर्टिझोनची सुई सुरू झाली. हे सूज आणि कडकपणा कमी करणारं औषध. सुई चामड्यात घुसावी तशी घुसे. घरी व्यायाम असे. जीभ दाबायच्या त्या चपट्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये अडकवायच्या आणि रोज एक वाढवायचा प्रयत्न करायचा. सुरुवातीला अकरा मावत होत्या.

दर मंगळवारी आम्ही पंधरा-वीस जण बाकावर बसायचो. कोणी कोणाशी फार बोलत नसे. बोलायला तोंड लागतं आणि तेच तर दाखवायला आलेलो. एखाद्या मंगळवारी कोणी आलं नाही तर का आलं नाही, हे विचारायची हिंमत होत नसे.

सहा महिन्यांनी दहा पट्ट्या, वर्षाने आठ. मिरचीचा कणही पोटात नाही, सुया चालू, व्यायाम चालू, तरी तोंड मिटतच होतं. डॉक्टरांना कळेना, मला कळेना. इतकं मुकाट्याने सगळं करून हाती काही लागत नाही, तेव्हा माणूस देवाला शिव्या घालतो. मीही घातल्या, दात न उघडता. आणि दुपारी पाटावर बसून पोती चाखत राहिले. तिखट सोसत नाही, पण निदान एवढं तरी काम आपल्याला जमतं, या समाधानात.

दुसऱ्या वर्षी दातांमधून खांडही नीट आत जाईना. गाल इतके आखडले की रस कुठला सुटतो ते कळेना. मामाजींनी वाटी माझ्यासमोरून उचलली आणि माझ्या मुलीसमोर, नंदासमोर ठेवली. ती सतरा वर्षांची. पहिल्याच दिवशी तिने ओल लागलेली दोन पोती ओळखली. मला माझं काम गेल्याचं वाईट वाटलं आणि तिचा अभिमानही वाटला.

दिवाळीत मी डॉक्टरांसाठी उत्तम सुपारीची एक पिशवी घेऊन गेले. ते एका परिषदेत निबंध वाचणार होते. सुपारी न खाता हा रोग झालेल्या रुग्णांमध्ये माझी नोंद पहिली होती. मला त्याचाही थोडा तोरा होता.

"एक बी कडू निघायची नाही," मी म्हटलं. "माह्या लेकीनं चाखून निवडली. माह्या तोंडात आता खांड मावत नाही ना, म्हणून तीच बसते."

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ठेवली. "चाखून म्हणजे कसं?"

मी सांगितलं. कौतुकाने, सविस्तर सांगितलं. गालात कुठे धरायची, किती वेळ थांबायचं, सगळं.

"दिवसात किती वेळा?"

"हंगामात पन्नास-साठ डाव होते. तसं कमी."

"किती वर्षं केलंत तुम्ही हे?"

मी बोटांवर मोजू लागले आणि मोजता मोजता माझा हात थांबला. अठरा वर्षं. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"पण मी खात नव्हती," मी म्हटलं. "थुंकत होती मी."

त्यांनी कपाटातून माझा फॉर्म काढला. "नाही" खोडून "हो" लिहिलं. तारीख घातली, सही केली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी खाता का एवढंच विचारलं. तोंडात काय काय ठेवता, असं विचारायला हवं होतं." ज्यांनी ज्यांनी "नाही" म्हटलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागेल, असं ते सहायकाला म्हणाले. त्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला नाही, हे मला नंतर कळलं.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलीचं वय काय म्हणालात?"

इतवारीपर्यंतचा रस्ता रिक्षाने कसा गेला ते मला आठवत नाही. जिना चढून गेले तर नंदा पाटावर बसलेली, उजवा गाल फुगलेला.

"थुंक," मी म्हटलं.

"थांब ना वं, रस तर सुटू दे."

मी तिच्या तोंडात बोटं घालून खांड बाहेर काढली. ती घाबरली, मग चिडली, मग रडायलाच लागली. आवाज ऐकून मामाजी आणि हे वर आले.

मी मामाजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, दोन वरसं तो डॉक्टर मिरची म्हणे. आता सुपारी म्हणून राहिला. उद्या मीठ म्हणन. त्याले तरी माहीत आहे काय?"

डॉक्टरांनीही मला सांगितलं होतं की संशय आहे, पुरावा अजून गोळा करतो आहोत. मी तरी कशाच्या जोरावर बोलणार? मी फक्त तोंड उघडून दाखवलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

मामाजींनी मान फिरवली. "उद्या आसामचा माल उतरून राहिला. कोण चाखन?"

"मी चाखतो," हे म्हणाले.

"तुही जीभ मेली आहे गा."

"मेली तं मेली. पोरगी बसणार नाही."

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. यांनी वडिलांपुढे आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला भरून आलं. पण मुलीला उठवून मी त्या पाटावर नवऱ्याला बसवत होते आणि हे मला चांगलं कळत होतं. तरी मी गप्प राहिले. मी तेव्हा गप्प राहिले, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी नंदाला घेऊन गेले. तिची तीन बोटं आत गेली. उजव्या गालात आतून एक जागा थोडी फिकट दिसत होती. "हे काही असेल किंवा नसेलही," डॉक्टर म्हणाले. "चाखणं बंद. सहा महिन्यांनी पाहू." माझ्या स्वतःच्या बायोप्सीच्या वेळी मी जेवढं देवाला विनवलं नव्हतं तेवढं त्या सहा महिन्यांत विनवलं. रोज सकाळी तिला खिडकीशी उभी करून गाल पाहायची. फिकट जागा मला कधी मोठी दिसे, कधी दिसतच नसे. त्या सहा महिन्यांत मी कोणाच्याच कामाची उरले नव्हते.

सहा महिन्यांनी ती जागा तेवढीच होती. वर्षानेही तेवढीच. पुढे डॉक्टरांनी तिला येऊ नका म्हणून सांगितलं. मला मात्र येत राहा म्हणाले.

माझ्या तोंडात आता एक बोट जातं. मऊ भात आणि वरण चहाच्या चमच्याने खाते. जीभ बाहेर काढता येत नाही. यांनाही दर महिन्याला दिव्याखाली बसवून तोंड उघडायला लावते. कंटाळतात, पण उघडतात. यांच्या हातून दोन-तीन खेपा वाईट माल घेतला गेला. मामाजी थोडे दिवस बोलले, मग त्यांनीच न चाखता, फोडून आणि हुंगून माल घ्यायला सुरुवात केली. बरं होणं माझ्या नशिबात नव्हतं, हे मी मान्य केलं आहे. रोज करते, काही दिवशी दोनदा करावं लागतं.

तुमच्यापैकी कोणाला एकाएकी तिखट सोसेनासं झालं, तर घरातल्या वैद्यांचं ऐकत बसू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर तोंडात जे जे जातं ते सगळं सांगा. त्याला खाणं म्हणायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. माझ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर आपली चूक कागदावर लिहिली, म्हणून माझी मुलगी पाटावरून उठली. हे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

नंदा आता दोन लेकरांची आई आहे. सुट्टीत येते, दुपारी जेवण झालं की माझ्याशेजारी सतरंजीवर आडवी होते आणि तोंडावर हात न धरता लांबलचक जांभई देते. पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडते. माझ्या सासूबाई असत्या तर बायकांच्या जातीला शोभत नाही म्हणून ओरडल्या असत्या. मी वाती वळायचं थांबवते आणि बघत राहते.

"काय पाहून राहिली वं आई?" ती विचारते.

"काही नाही," मी म्हणते. "दे अजून एक."