पूजाच्या उशाशी बसलेली बाई

मला माझ्या बायकोनं फसवलं. आधीच स्पष्ट सांगतो. आणि ती जिवंत नाही, हेही सांगतो — आमची लेक पूजा जन्मली त्याच आठवड्यात शैला गेली. डोकं दुखतंय म्हणत होती. सगळे म्हणाले, सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली ना, तिचं दुखणं आहे, पडून राहा. मग झटका आला. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होती, हे नंतर कळलं.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चाकणजवळ निघोज्यात माझा कंपन्यांच्या जुन्या लाकडी पॅलेटचा, माल ठेवायच्या फळ्यांचा, धंदा आहे. गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही.

यंदा पूजा बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं, घरी आणली, आणि तिचंही डोकं दुखायला लागलं... चाकणच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं — सुईचं आहे, आराम करा. माझी बहीण तिला उठूच देईना. "पडून ऱ्हा गं. बाळंतिणीनं लई बसू न्हाई."

दुपारी मी हॉलमध्ये फोनवर गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. आतून पूजानं हाक मारली. गेलो तर भिंतीला टेकून बसलेली.

"बाबा, आत्ता कोण बाई आली होती?"

"कोणी नाही. आत्या गच्चीवर आहे."

"उशाशी बसली होती. तोंड नाही दिसलं. म्हणाली, आडवं झालं की जास्त दुखतंय ना? मग जहागीरदारांना सांग, भाव करत बसू नका, मोठ्या दवाखान्यात न्या."

मी गिऱ्हाइकाचा फोन कापला. जहागीरदार! चिंचवडला पत्र्याच्या खोलीत राहायचो, हातगाडी ओढायचो, तेव्हा शैला मला असं चिडवायची. फक्त दोघंच असताना. बहिणीलाही ठाऊक नाही.

पिंपरीच्या हॉस्पिटलात एक पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "काका, उद्या बघू." मी ओरडलो, "उद्या नाही, आत्ता! आडवी झाली की जास्त दुखतंय तिचं!"

मागून मोठ्या डॉक्टरीणबाई वळल्या. "आडवं झाल्यावर? सुईचं दुखणं तर पडल्यावर कमी होतं." लगेच एमआरआय केला. गुठळीच निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. पूजा वाचली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अशा आजारात भास होऊ शकतात. होत असतील. पण ते नाव कुठून आलं?

आणि फसवणूक ती हीच. शैला, इतकी वर्षं तुझ्या एका हाकेसाठी थांबलोय मी. दुसरं लग्न केलं नाही. तू घरात आलीस, बोललीस, निघूनही गेलीस... मी भिंतीपलीकडं होतो, दार उघडं होतं. लेकीला वाचवलंस, उपकार झाले. पण मला का नाही हाक मारलीस? याचं उत्तर मला तुझ्याकडूनच पाहिजे.