पेटीची पूजा

आधी चहा संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. माझ्या हातून असा घोळ झाला, की आता काय सांगू तुम्हाला!

हिंगोलीत एका फोटो स्टुडिओत मी अल्बम लावायचं काम करते. तिथं एक काळी पेटी आहे. तिच्यात चार डिस्क, आणि त्यांत निम्म्या जिल्ह्याची लग्नं! एक डिस्क बिघडली तर उरलेल्या तिघी निभावून नेतात. दोन गेल्या की सगळंच गेलं. मालकांनी, विठ्ठलभाऊंनी, हे मला दहादा सांगितलेलं.

खंडेनवमीला कॅमेऱ्यांची पूजा केली. म्हटलं, वर्षभर राबते ती पेटी, तिला काहून सोडायचं? प्रत्येक डिस्कवर इवलासा दिवा असतो. मला ते कपाळच वाटलं. लावलं चौघींना कुंकू, ओलं करून, चांगलं ठसठशीत!

चौथ्या दिवशी पेटी टीं टीं करायला लागली. भाऊ डोंगरकड्याला, डोहाळजेवणाच्या शूटिंगला. दुकानात मी, आणि समोर पुसेगावची रेखा. तिच्या लग्नानंतर महिन्याभरात तिचे वडील वारले. त्यांचा आवाज उरला होता तो फक्त लग्नाच्या शूटिंगमध्ये. तेच न्यायला ती आली होती.

पेटी बसवणाऱ्या नांदेडच्या इरफानभाईंना फोन लावला.

"घाबरू नका ताई. जिच्यावर लाल दिसून राहिलं, ती डिस्क वढा बाहेर."

पहिलीच लाल. ओढली खस्सकन!

"काढली भाई."

"बराबर. आता बाकीचे हिरवे ना?"

"न्हाई वो. तीन लाल हायेत अजून."

इकडं पडद्यावरचे सगळे फोल्डर गायब!

"तीन? या अल्लाह! ताई, आता कशालाच हात लावू नका. येऊन राहिलो मी."

रेखानं माझा हात धरला. "मावशी, बाबा गेले का वो?"

काय सांगू तिला? ते एकदा गेलेच होते. या वेळी मी घालवले होते!

दोन तास आम्ही दोघी त्या पेटीसमोर बसून. इरफानभाई आले, वाकले, एका दिव्यावर बोट घासलं आणि बोटाकडं बघतच राहिले.

"ताई, हे काय?"

"कुंकू."

"चौघींना?"

"मंग? एकीलाच लावून तिघींना नाराज करू काय?"

ते मटकन खुर्चीत बसले. कुंकू पुसलं, तर खरी लाल दुसरी होती. मी ओढलेली पहिली ठणठणीत! म्हणजे एक आपली आपण गेली, आणि एक मी घालवली, झाल्या दोन.

मी काढलेली त्यांनी परत बसवली. मग तासभर टाईप करत राहिले. गेलेली बाई मेली नाही, नुसती माहेरी जाऊन आली, हे त्या पेटीला पटवत असावेत. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि पेटीकडं बघायचीही लाज वाटत होती.

मग एक फोल्डर आला. दुसरा आला. पुसेगावही आलं! इरफानभाईंनी शूटिंग लावलं, आणि दुकानभर आवाज घुमला, "ओ फोटोवाले! जेवणारे मागून काढा, आधी माझ्या लेकराला नीट काढा!"

रेखा हसतही होती, रडतही होती. मी नुसतीच रडत होते.

आता पेटीची पूजा मी चार हात लांबून करते. पण काय उपयोग? परवा नुसता प्रिंटर अडला म्हणून फोन केला, तर इरफानभाईंचा पहिला सवाल,

"ताई, लाल पेटलंय, की लावलंय?"