नऊ पाईप, नऊ नारळ

जमिनीतलं फक्त आपल्यालाच कळतं, असा माझ्या बाबांचा ठाम समज आहे. आम्ही कोहळी समाजाचे. पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले, तेही नुसत्या डोळ्यानं बघून, पाणी कुठं थांबेल ते ठरवून. तो डोळा सरळ आपल्यापर्यंत आला आहे असं बाबा धरून चालतात. त्याच डोळ्यानं बघून त्यांनी नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात, बुजवलेल्या बोडीवर घर बांधलं. बोडी म्हणजे धानाच्या शेतातलं छोटं तळं. बुजवलं तरी ते मनातून तळंच राहतं. तिसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत अशी फाटली, की आई त्या भेगेतून शेजारणीला विरजणाची वाटी द्यायची. बाबा म्हणायचे, घर हवेशीर आहे.

तोवर मी सिव्हिलचा डिप्लोमा करून गोंदियाला एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले होते. दिवसभर लोकांच्या घरांचे पाये काढायचे, अन् इकडे माझी आई भिंतीतून विरजण देऊन राहिली होती. शेवटी तिनंच निकाल लावला. या भिंतीखाली मी आता भात रांधणार नाही, मागच्या जागेत दोन खोल्या पोरगी बांधेल, असं तिनं जाहीर केलं. बाबा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी "बांध" म्हणाले, अन् त्या मिनिटापासून प्रत्येक गोष्टीत हात घालायला लागले. विटा कुठं ठेवायच्या, पाणी कुठून आणायचं, मी कुठं उभं राहायचं, सगळं तेच सांगणार. जन्मभर या माणसानं मला कामंच सांगितली. एखादी गोष्ट करण्याआधी त्यांनी एकदा, फक्त एकदा मला विचारावं, एवढंच मला त्या घरातून हवं होतं. भिंत सरळ उभी राहिली तर ते वरकड.

मागची जागाही त्याच बोडीची. म्हणून मी जाड लोखंडी पाईप ठोकून खालच्या कडक मुरमापर्यंत न्यायचं ठरवलं. नऊ पाईप, खालचं तोंड बंद, आतून पोकळ. वरच्या तोंडातून सळ्यांचा जुडगा दोन हात आत सोडायचा, पाईप काँक्रीटनं भरायचा, अन् बाहेर राहिलेल्या सळ्या वर भिंतींखाली येणाऱ्या बीमच्या सळ्यांत बांधून टाकायच्या. मग पाईप अन् बीम एकमेकांना सोडत नाहीत. हे केलं नाही तर बीम पाईपवर नुसतं टेकून बसतं, पाटावर बसलेल्या जावयासारखं. कधी उठून जाईल याचा नेम नाही. हे सगळं मी बाबांना स्टीलचा पेला अन् चार चमचे घेऊन समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं अन् त्याच पेल्यात चहा मागितला.

पाईप ठोकून झाले. बीम भरायच्या आदल्या दिवशी मी सळ्या आणायला गोंदियाला गेले, तीच माझी चूक. पायाभरणी म्हटली की खड्डा आला, खड्ड्यात मूठभर धान, हळदकुंकू अन् नारळ आला. इथं खड्डाच नव्हता. मग पूजा कुठं करायची, यावर बाबांनी एकट्यानंच विचार केला. बाबांनी एकट्यानं विचार केला की घरात काही ना काही होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सळ्या जोडायला वेल्डरला घेऊन पोचले. तो गोंदियाचा, हिंदी बोलणारा, कामाचा पक्का माणूस. पहिल्या पाईपापाशी गेला अन् तसाच परत आला.

"मॅडम, पाईप में नारियल है."

कोणत्या पाईपमध्ये, मी विचारलं. तो सगळीकडं चक्कर मारून आला अन् म्हणाला, "सब में."

अरे बाप्पा! नऊच्या नऊ पाईपांच्या तोंडात नारळ, अर्धा आत, अर्धा बाहेर, शेंड्या वर करून, हळदकुंकू लावून बसलेले. मी एक ओढून पाहिला. हलेना. बकऱ्यांनी पाडू नये म्हणून बाबांनी प्रत्येकाला लाकडी मोगरीनं दोन-दोन ठोके दिले होते.

मी अशी भडकले, की विचारू नका. सळ्या आत जाणार कुठून, काँक्रीट जाणार कुठून, आपलं घर काय नारळांवर उभं करायचं का, असं मी मजुरांसमोर ओरडले. बाबांचा आवाजही चढला नाही.

"मंग कायले भेतेस? नारळ कडकच राहते."

उपटून काढते म्हटलं तर आई आडवी आली. जमिनीला वाहिलेला नारळ परत घेतला तर घराला दोष लागतो, असं तिचं म्हणणं. अकरा वाजता मिक्सर येणार होता. मजूर मोहाच्या झाडाखाली तंबाखू मळत बसले होते. मी सळ्यांच्या ढिगावर बसले अन् मला रडू आलं. तीन वर्षांचा डिप्लोमा नऊ नारळांपुढं हरला होता. मग आईला म्हटलं, नारळ राहू दे, पण जुन्या घरातली भेग तुझ्यासोबत नव्या घरात येईल, विरजणाची वाटी तयार ठेव.

आईनं एका नारळाची शेंडी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "काढाचा नाई. फोडाचा. पाणी जमिनीले, खोबरं आपल्याले."

झालं! वेल्डरनं हातोडी उचलली. एक-एक नारळ जागेवरच फुटला, पाणी पाईपात गेलं, खोबरं अन् करवंट्या त्यानं पेचकसानं उचकटून वर घेतल्या. आई ताट घेऊन मागं मागं फिरत होती अन् दिसेल त्याच्या तोंडात प्रसाद कोंबत होती. पाचव्या नारळाला वेल्डर हात जोडून म्हणाला, आता पोटात जागा नाही. मजुरांनी तर आईला बघितलं की पाठ फिरवायला सुरुवात केली.

नववा नारळ बाबांनी फोडायला घेतला. वाहिला आपण, तर एक तरी आपल्या हातानं फोडावा, असं त्यांचं म्हणणं. नेम धरून घातला घाव, अन् नारळ फुटलाच नाही. अख्खाच्या अख्खा आत गेला. खालून धप्प आवाज आला.

बाबांनी मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मान वर काढली तेव्हा चेहरा उतरलेला. मला त्यांच्यावर इतकी माया आली, की रागच विसरले. म्हटलं, बाबा, भार लोखंड घेतं, अन् जोड वरच्या दोन हातांत आहे. तळाशी एक नारळ झोपला तर घराचं काही बिघडत नाही. त्यांनी "खरंच?" असं विचारलं नाही. फक्त मान हलवली.

नऊही पाईपांत सळ्या उतरल्या. मिक्सर फिरायला लागला. बाबांनी पहिलं घमेलं मजुराच्या हातून काढून घेतलं, पाईपाच्या तोंडाशी नेलं, अन् तिथंच थांबले. माझ्याकडं वळले.

"टाकू का, बाई?"

माझं तोंड खोबऱ्यानं गच्च भरलेलं होतं, आईची कृपा. मला एक अक्षर बोलता येईना. मी घाईघाईनं चावू लागले, अन् मी गिळेपर्यंत बाबा भरलेलं घमेलं दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले.