काळीतली घरं

कोणी प्लॉट घेतल्याचे पेढे आणले, की देवरावभाऊ पेढा बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "माती आण." मग प्लॉटवरची मूठभर माती भिजवून तिचा गोळा करायचे आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवायचे. चार दिवसांनी तो भेगाळलेला गोळा मालकाच्या हातावर ठेवून म्हणायचे, "घे. हा तुया बंगला."

अमरावतीच्या भर बाजारात आमची पाच मजली अपार्टमेंट होती. तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात देवरावभाऊ आणि वहिनी राहत. मूळचे हिवरखेडचे, जन्मभर गवंडीकाम केलेले. जुन्या लोकांनी गावं पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या टणक मातीवर वसवली आणि काळी माती पेरायला ठेवली, एवढं एकच शास्त्र ते मानत. "कायी उन्हायात फाटते, पावसायात फुगते. तिच्यात कापूस होते, घर नाई होत," हे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

पण ऐकतो कोण? मोर्शी रोडवरच्या संत्र्याच्या बागा तोडून तिथं लेआउट पडले होते. एकाचं नाव 'संत्राबाग व्हिला', आणि संत्र्याचं झाड औषधालाही नाही. आमच्या इमारतीतल्या लोकांना अचानक प्रायव्हसी नावाची गरज भासू लागली. जन्मभर एकमेकांकडून विरजण मागणारी ही माणसं! गावाची नजर नको म्हणून शहरात फ्लॅट घेतला, आता शेजाऱ्याची नजरही टोचायला लागली.

मी सोसायटीचा सचिव, त्यात शाळामास्तर. मला तरी अक्कल असायला हवी होती. मीही प्लॉट घेतला. माझ्याही मातीचा गोळा झाला. देवरावभाऊ कळवळून म्हणाले, "मास्तर, बांधतच असशीन त मुरूम लागेपर्यंत खोद. लाजू नोको, खोद." ठेकेदार हे ऐकून हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीची फरशी वर आली आणि स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं.

त्याआधी वास्तुशांतीला देवरावभाऊ आले होते. चहा घेतला, पायाबद्दल अवाक्षर काढलं नाही. निघताना मात्र फाटकाशी थांबले. "एवढं मोठं गेट कायले बांधलं बा? येते कोण तुयाकडे?" पाहुण्यांपुढे मी रागाने लाल झालो.

पुढे इमारत रिकामी होत गेली. फ्लॅटांत कोचिंग क्लास आले, कापडवाल्यांचे गठ्ठे आले. लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करून घेणारं कोणी उरलं नाही. वहिनींचे गुडघे गेलेले, तीन मजले चढणार कशा? शेवटी त्यांच्या मुलाने दोघांना अकोल्याला नेलं. शहराबाहेर त्यानेही बंगला बांधला होता, काळीतच, बापाला न विचारता. निरोप द्यायला गेलो तेव्हा देवरावभाऊ म्हणाले, "लोकायची घरं बांधण्यात जिंदगी गेली. आता पोराच्या घराच्या भेगा मोजाले चाल्लो."

पुढच्याच मे महिन्यात ते वारले. भर दुपारी न्हाणीत पडले. मुलगा-सून नोकरीवर. वहिनींच्याने त्यांना उचलवेना आणि हातात मोबाईल असून सुचेना. भिंतीला धरून धरून त्या दारापर्यंत आल्या आणि हाका मारू लागल्या. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, त्यापलीकडे बंगले, आणि प्रत्येक बंगल्यात कूलर घरघरत होता. घसा बसेपर्यंत त्या ओरडल्या. मुलगा संध्याकाळी आला, तोवर सगळं संपलं होतं.

तेरवीला मी अकोल्याला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यासारख्यांवर खरं तर त्यांनी थुंकायला हवं होतं. पण त्यांनी माझा हात धरला.

"लय बोंबलली मी, मास्तर. तथी तिसऱ्या माळ्यावर असतो त तुमी पयल्याच हाकेले धावत आले असते."

मी मान डोलावली. माझी हिंमत झाली नाही त्यांना आठवण करून द्यायची, की त्या इमारतीतून सगळ्यात आधी सामान उतरलं ते माझं.